पातेल्याच्या बुडाला माती

गॅसवर भात टाकताना मी पातेल्याच्या बुडाला ओल्या मातीचा लेप दिला होता. हे आधीच कबूल करून टाकते, म्हणजे पुढं मी कितीही शहाणपणाचं बोलले तरी वाचणाऱ्याला माझी खरी पायरी माहीत असेल.

नातसुनेला हे सांगितलं तर यात हसण्यासारखं काय, तेच तिला कळेना. तिनं चूल पाहिली ती हॉटेलाच्या दारात शोभेला मांडलेली. तेव्हा समजावून सांगायला हवं. चुलीवर चढणाऱ्या प्रत्येक भांड्याला आम्ही बाहेरून माती आणि राख कालवून लावायचो. मग जाळाची काजळी बसायची ती मातीवर, पितळेवर नाही. स्वयंपाक उरकल्यावर ओल्या हातानं चोळलं की माती काजळीसकट निघून जायची आणि खालून भांडं जसंच्या तसं. लेप न देता भांडं चढवणारी सून म्हणजे आळशी सून. मी दहा वर्षांची असल्यापासून हे करत होते. हातांना इतकी सवय, की ते डोक्याला विचारायचेच नाहीत. विचारलं असतं तरी त्या वयात डोक्याकडे उत्तर असतं असंही नाही.

बहात्तरचा मोठा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली असतील. मी जेऊरची, शेतकऱ्याची मुलगी. मॅट्रिक पास, आणि ते मॅट्रिक जणू कपाळावर लिहून घेऊन सोलापुरात लग्न होऊन आलेली. घरात चारच माणसं: सासू, सासरे, माझे यजमान आणि मी. सासूला आम्ही आत्या म्हणतो, सासऱ्यांना मामा. मामांचं धान्याचं लहानसं दुकान होतं, वळसंगला थोडी जमीन होती. यजमान एका कचेरीत कारकून. आत्यांचं माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं, त्यामुळं त्यांची माया मराठीत आणि राग कानडीत. मला कानडी येत नव्हतं. माझ्या संसाराची ती फार मोठी सोय होती.

घर मागांच्या वस्तीला लागून. शेजारी तेलुगू विणकरांचं घर, दिवसभर खटखट चालायची. पहिल्या महिन्यात त्या आवाजानं माझं डोकं उठायचं, दुसऱ्या महिन्यात माग बंद पडले की जाग यायची. त्रास आवाजाचा नव्हता, धुराचा होता. स्वयंपाकघराला वर एक झरोका होता, पण धूर त्या झरोक्याकडे जायला तयार नसायचा. तो माझ्याकडे यायचा. वळसंगहून जळण यायचं, तुराट्या आणि बाभळीची लाकडं. तुराट्या भडकायच्या नि विझायच्या, बाभूळ ओली असली की नुसती धुमसायची. फुंकणीनं फुंकून फुंकून माझे डोळे सकाळी आठलाच गुंजेसारखे लाल व्हायचे.

लग्नानंतरच्या पहिल्या पंचमीला माहेरी गेले, तर आईनं माझे डोळे पाहून मला गोठ्यात नेलं.

"खरं सांग पोरी, कोन रडवतंय तुला?"

"कुणी नाही गं, धूर असतो."

"व्हय? आन् त्या धुराला सासू म्हनत्यात का?"

तिला मी किती पटवलं, पण शेवटपर्यंत तिला ते खरं वाटलं नाही. निघताना तिनं माझ्या पिशवीत डोळ्यांत घालायला गुलाबपाणी आणि मनाला धीर म्हणून अंगारा दिला. घरी आल्यावर आत्यांनी दोन्ही पाहिलं आणि कानडीत काहीतरी म्हणाल्या.

पुढच्या वर्षी उन्हाळा सरता सरता आमच्याकडे गॅस आला. यजमानांनी कधीतरी कचेरीतल्या कुणाच्या तरी नादानं नाव नोंदवून ठेवलं होतं आणि विसरून गेले होते. नंबर लागला तेव्हा तेच सगळ्यांत जास्त घाबरले. एक माणूस टाकी, दोन चुलींची शेगडी आणि रबरी नळी घेऊन दारात उभा राहिला. काडी आधी ओढायची, मग चावी फिरवायची, काम झालं की खालची चावी बंद करायची, हे सगळं तो सांगत होता आणि मी ते वहीत लिहून घेत होते. हो, वहीत. समास सोडून. मॅट्रिक ना!

आत्या दारात पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. तो माणूस जाताच त्यांनी निकाल दिला.

"हे घरात न्हाय यायचं."

मामा म्हणाले, "अगं, सगळीकडं वापरायला लागल्यात."

"वापरंनात. ज्या आगीची राख होत न्हाय, ती कसली आग? भांडी कशानं घासू मी, गॅसनं? आन् हे फुटलं म्हंजे?"

भांड्यांचा मुद्दा बिनतोड होता. फुटण्याचा मुद्दा तर यजमानांनाही पटला, कारण ते तोवर आपोआप ओसरीपर्यंत मागे सरकले होते. मग मामांनी तोडगा काढला. मागच्या अंगणात, धुण्याच्या दगडाजवळ, एका शहाबादी फरशीवर गॅस मांडायचा. वर पत्रा टाकायचा. फुटला तर शेवग्याचं झाड जाईल, माणसं राहतील.

म्हणून आमचा गॅस अंगणात राहू लागला, एखाद्या सोवळ्याबाहेरच्या पाहुण्यासारखा. त्याच्यावर मला चहा करायची आणि दूध तापवायची तेवढी परवानगी. मी सकाळी साखर, चहापत्ती, गाळणं, काड्यापेटी असा सगळा संसार टोपलीत घालून बाहेर न्यायची आणि चहा होताच परत आत आणायची. आत चुलीवर तोवर दोनदा चहा झाला असता. पण मला ते कबूल करायचं नव्हतं. मी प्रत्येक कप आत्यांच्या पुढं ठेवताना म्हणायची, "बघा आत्या, धूर नाही, काजळी नाही, फुंकणी नाही."

आत्या कप तोंडाला लावायच्या. "रॉकेलचा वास येतोय."

"यात रॉकेल नसतंच आत्या."

"मग कशाचा येतोय?"

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच: धूर नाही, काजळी नाही. दोन महिने मी हे पाढ्यासारखं म्हणत होते. शेवटी आत्यांच्याही तोंडात बसलं. भाकरी थापता थापता त्या मला वाकुल्या दाखवल्यासारखं म्हणायच्या, "धूर न्हाय, काजळी न्हाय, फुंकनी न्हाय, आन् अजून सैपाकबी न्हाय."

श्रावणात मामांच्या वडिलांचा दिवस यायचा. त्या दिवशी स्वामींना, म्हणजे आमच्या लिंगायतांच्या गुरूंना, जंगमांना, जेवायला बोलवायचं आणि बरोबर भाऊबंदांची पंधरा-सोळा माणसं. बेत ठरलेला: हुग्गी म्हणजे गव्हाची गूळ घातलेली खीर, आमटी, भाजी, शेंगाची चटणी आणि भात. आता एक गोष्ट लक्षात घ्या. स्वामी ताटात काही टाकत नाहीत. वाढलं ते प्रसाद, त्यातलं एक शीतसुद्धा वाया जायचं नाही. शेवटी ताटात पाणी घालून ते पाणीही पिऊन टाकतात. म्हणजे वाढणाऱ्यानं जे वाढलं, त्यातून खाणाऱ्याला सुटका नाही.

आदल्या आठवड्यात मी मामांच्या मागे लागले. गॅस आत घ्या. पावसाची भुरभुर आली की काडी पेटत नाही, वारा आला की चहा होत नाही. मामा माझ्याकडे बघत, आत्यांकडे बघत, आणि मग दुकानाला उशीर होतोय असं म्हणत. शेवटी आत्यांनीच विषय संपवला. त्या ज्वारी निवडत बसल्या होत्या, मान वर न करता बोलल्या.

"स्वामींच्या दिवशी भात तू कर. त्येच्यावर. स्वामींनी भात परत मागून घेतला, तर आत आन तुझी ती शेगडी, चुलीच्या उरावर ठेव. न्हाय मागितला, तर दुसऱ्या दिवशी मामा जाऊन सगळं परत करून येतील. मंजूर हाय का?"

"मंजूर," मी म्हटलं. एवढं मोठ्यांदा म्हटलं, की भिंतीपलीकडचा माग थांबला आणि शेजारच्या वहिनींनी भिंतीवरून डोकं वर काढून विचारलं, "काय मंजूर झालं हो?"

आता खरं सांगते. मला भात येत नव्हता.

हसू नका. आमचा सगळा मुलूख ज्वारीचा. माझ्या भाकरीला कुणी नाव ठेवलं असतं तर मी त्याच्याशी भांडले असते. पण भात आमच्याकडे रोज कोण करतो? भात म्हणजे सण, भात म्हणजे आजारी माणूस. जेऊरला लग्नकार्यात मोठमोठ्या हंड्यांत भात व्हायचा, पण तो गावातली पुरुष माणसं शिजवायची आणि आम्ही मुली लांबून बघायचो. मी आयुष्यात केलेला सर्वांत मोठा भात म्हणजे तापात पडलेल्या भावासाठी वाटीभर, तोही मऊ, आणि मऊ भातात चूक करणं अवघड असतं. पण मी आत्यांना हे सांगितलं नाही. वीस-एकवीस वर्षांच्या बाईला "मला येत नाही" ही तीन अक्षरं म्हणणं फार जड... तीन शब्द, असो, गणितही तसंच होतं माझं.

तो दिवस उजाडला. श्रावण असला तरी आमच्याकडे श्रावणात पाऊस कमी आणि वारा जास्त. त्या दिवशी ढगसुद्धा नव्हते. लख्ख ऊन पडलेलं आणि त्या उन्हात वारा धुण्याच्या दोरीवरची लुगडी उडवत होता. आत आत्या चुलीपाशी हुग्गी घोटत होत्या. बाहेर मी. मला किती मोकळं वाटलं म्हणून सांगू! अख्खं अंगण माझं, डोळ्यांत पाणी नाही, डोक्यावर पदर नीट, समोर माझी शेगडी. मी कल्हईचं मोठं पातेलं आणलं. धुण्याच्या दगडाजवळची माती घेतली, राख घेतली, पाणी घातलं, आणि पातेल्याच्या बुडाला छान जाडसर लेप दिला. पंधरा-सोळा माणसांचा भात, वेळ लागणार, म्हणून रोजच्यापेक्षा जरा जाडच. किती मन लावून दिला! कडेनं बोट फिरवून रेघसुद्धा सरळ केली.

मग वाऱ्याला आडोसा म्हणून तेलाच्या डब्याचा पत्रा उभा केला, काडी ओढली, चावी फिरवली, आणि पातेलं चढवलं. उन्हात ती निळी आग काही दिसेना. सावलीत, संध्याकाळच्या चहाला ती कशी फुलासारखी दिसायची. भर उन्हात नुसती हवा थरथरल्यासारखी वाटत होती. कान द्यावा तर शेजारी मागांची खटखट. मला वाटलं आग बारीक असेल, म्हणून चावी पुरती फिरवली.

पाणी तापलं, तांदूळ वैरले, झाकण ठेवलं आणि मी दगडावर बसून भविष्य बघत राहिले. त्या भविष्यात गॅस स्वयंपाकघरात होता, मी त्याच्यासमोर उभी होते (उभ्यानं स्वयंपाक करायचा असतो म्हणे!) आणि माझी आई मला बघून म्हणत होती, काय गं तुझे डोळे किती स्वच्छ.

इकडे बुडाची माती वाळत होती. वाळली, तडकली आणि तिचे पापुद्रे सुटून खाली पडू लागले. खाली म्हणजे कुठं? शेगडीच्या बारीक बारीक भोकांवर. चुलीत पडले असते तर चुलीनं विचारलंही नसतं. ही बाई नाजूक. तिची एका बाजूची भोकं बुजली, तिकडची आग मेली. दुसऱ्या बाजूची जोरात जळत राहिली. मला यातलं काही दिसत नव्हतं, आणि दिसलं असतं तरी मी वहीत बघितलं असतं. वहीत मातीबद्दल काही नव्हतं.

झाकण काढून पाहिलं तर पातेल्यात दोन गावं. उजवीकडे भात रटरट उकळतोय, डावीकडे विहिरीसारखं शांत. मी काय करावं? मी ढवळलं. पळीनं चांगलं खालवर ढवळलं. भात शिजताना ढवळू नये हे ज्यांना माहीत आहे त्यांनी आता डोळे मिटून घ्यावेत. उजवीकडचा शिजलेला मोडला, डावीकडचा कच्चा त्यात मिसळला. मग मला पाणी कमी वाटलं, म्हणून पाणी घातलं. मग जास्त वाटलं, म्हणून झाकण उघडं ठेवलं. मग उजवीकडून करपल्याचा वास आला. मग मी ठरवलं की गॅस बिघडलेला आहे आणि आपल्याला बिघडलेलाच दिलाय, आपली काही चूक नाही.

तेवढ्यात पुढच्या दारात मामांचा आवाज आला, "या, या स्वामी." म्हणजे आता पाय धुणं, पूजा, एवढा वेळ हातात होता.

आत्या पाणी न्यायला मागे आल्या. एकदा नाक वर केलं, कळशी खाली ठेवली आणि माझ्याकडे आल्या. मला वाटलं, आता भात बघतील आणि कानडी सुरू होईल. पण त्यांनी भाताकडे बघितलंसुद्धा नाही. त्या वाकल्या आणि पातेल्याच्या खाली बघितलं.

"बुडाला काय लावलंस?"

"माती."

"माती? कशाला?"

"काजळी धरू नये म्हणून."

आत्यांनी कमरेवर हात ठेवले. सावकाश, एकेक शब्द निवडून, मराठीतच बोलल्या.

"दोन म्हयनं झालं, रोज सकाळी मला सांगतीस. धूर न्हाय, काजळी न्हाय. मग ही माती कुनाच्या काजळीला लावलीस?"

भिंतीपलीकडचा माग नेमका तेव्हाच थांबायचा होता, तसा थांबला, आणि वहिनींचं खुदकन हसणं आलं. मग मला रडू फुटलं. भाताचं नव्हे, गॅसचं. स्वामी असला भात कशाला परत मागतील? उलट एकदा वाढला की त्यांना तो शेवटच्या शितापर्यंत गिळावा लागणार, म्हणजे वरून ते पापही माझ्याच खात्यावर. उद्या मामा टाकी घेऊन जाणार, आणि मी जन्मभर फुंकणी फुंकत बसणार.

"यव्वा, रडती काय, हुच्ची," आत्या म्हणाल्या. हुच्ची म्हणजे वेडी. तेवढं कानडी मला एव्हाना आलं होतं, कारण ते रोज लागायचं. "इझव आधी ते."

मी चावी बंद केली. आत्यांनी पदरानं धरून पातेलं उतरवलं. अंबाड्यातला आकडा काढला आणि शेगडीवर वाकून एकेक भोक टोकरायला लागल्या. गव्हातले खडे काढावेत तशा, जराही घाई न करता. पुढं स्वामी बसलेले, आत हुग्गी चुलीवर, आणि ही बाई भोकं टोकरतेय. फुंकर मारून माती उडवली. मग पातेल्यातला भात परातीत उपसला. करपलेला बाजूला काढला, मधला कच्चा-पक्का परत पातेल्यात घातला, वर उकळतं पाणी शिंपडलं आणि झाकणाखाली ओलं फडकं घातलं. त्याआधी बुडाची उरलेली माती तिथंच दगडावर घासून काढली होती. त्या घासण्याचा आवाज मला अजून ऐकू येतो.

"आता तू काडी वढ. मी फिरवती."

"आत्या, तुम्ही?"

"मग काय स्वामींना बोलवू का?"

मी काडी ओढली. आत्यांनी मान मागे घेऊन, डोळे अर्धे मिटून, सापाच्या शेपटीला हात लावावा तसा चावीला हात लावला आणि फिरवली. भप्प झालं. आत्या एक पाऊल मागे गेल्या, मग दोन पावलं पुढं आल्या. हातानं उन्हाला आडोसा करून वाकून बघितलं.

"दिसती की," म्हणाल्या. "तू आत जा. हुग्गी हलव, खाली लागंल."

मी आत गेले आणि चुलीसमोर बसले. तुराटी विझली होती. फुंकायला सुरुवात केली तशी सगळा धूर ओळख असल्यासारखा माझ्याकडे आला. आधी रडून लाल झालेले डोळे, आता धुरानं लाल. हुग्गी हलवता हलवता मागच्या दारातून अंगण दिसत होतं. आत्या धुण्याच्या दगडावर बसल्या होत्या. त्यांचा एक हात मांडीवर आणि एक हात चावीवर. त्या आग बारीक करत होत्या, मग वाकून बघत होत्या, मग मोठी करत होत्या. परत बारीक. भाताला तेवढी मोठी-बारीक लागत नाही, हे मला आता कळतं. तेव्हा मला वाटलं, माझी चूक निस्तरायला बिचाऱ्या किती राबतायत. मी आणखी रडले. इतकी भोळी होते मी.

पंगत बसली. हुग्गी वाढली, तूप वाढलं. भात आत्यांनी स्वतः वाढला, मला दाराआड उभं केलं. भात कसा होता? भातासारखा होता. पांढरा होता. शितं थोडी मोडलेली, वासाला जरा करपट, पण खाता येण्यासारखा. स्वामींनी आमटीशी कालवून खाल्ला. मी त्यांच्या ताटाकडे बघत होते, बाकी पंगत मला दिसतच नव्हती. एक घास, दुसरा घास. ताट रिकामं होत आलं. आत्या भाताचं भांडं घेऊन पुढं झाल्या.

"स्वामी, भात?"

स्वामींनी ताटावर आडवा हात धरला. "अन्ना साकु, अव्वा." भात पुरे, आई. आणि मग प्रसन्न हसून म्हणाले, "हुग्गी मात्र आणखी घ्या म्हणालात तर नाही म्हणणार नाही."

संपलं. त्यांनी ताटात पाणी घातलं, बोटानं फिरवलं, पिऊन टाकलं. त्या पाण्याबरोबर माझा गॅसही गेला.

पाहुणे गेल्यावर, दुपार कलल्यावर, मी अंगणात जाऊन शेगडी पुसायला बसले. परत द्यायची वस्तू स्वच्छ द्यावी, एवढी तरी अब्रू ठेवू म्हटलं. मामा बाहेर आले, टाकीशी वाकले आणि नळी कशी सुटते ते बघू लागले. त्यांना ते जमत नव्हतं. खरं म्हणजे त्यांना ते जमवायचंही नसावं, कारण एकच पेच ते दहा वेळा उलटसुलट फिरवत होते. यजमान ओसरीवरूनच सांगत होते, "बाबा, जपून, जपून."

"राहू दे मामा, मी सोडते," मी म्हटलं. वहीत लिहिलेलं होतं माझ्या. मी खालची चावी बंद आहे का बघितली, नळी हातात घेतली. तेवढ्यात आत्या दारात येऊन उभ्या राहिल्या. ताक पिऊन आल्या होत्या, ओठावर पांढरी रेघ होती. त्यांनी मामांकडे बघितलं, टाकीकडे बघितलं. मग माझ्या डोळ्यांकडे जरा जास्त वेळ बघितलं. सकाळपासून ते डोळे किती वेळा आणि कशाकशानं लाल झाले, याचा हिशेब माझ्याकडेही नव्हता.

मला वाटलं, आता शर्तीची आठवण करून देणार. मी मान खाली घातली.

त्या म्हणाल्या, "नळी ठेव ती खाली आन् शेगडी उचल, चुलीच्या शेजारी जागा केलीया मी. आग शानी हाय, फिरवंल तेवढीच जळती. तुला शानं व्हायला लई येळ लागंल, तवर भात मी करीन."